प्लांटरूमची वही कोणी वाचतं का? नाट्यगृहं चालवणाऱ्या पालिकांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त व मा. मुख्याधिकारी,
नाट्यगृहं चालवणाऱ्या महाराष्ट्रातल्या सर्व महानगरपालिका आणि नगरपालिका

विषय : नाट्यगृहातल्या एसी प्लांटची नियमित देखभाल

सन्माननीय महोदय,

मी एसी मेकॅनिक. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि पुढची एकतीस वर्षं याच कामात गेली. त्यातली शेवटची अठरा एका पालिकेच्या नाट्यगृहात, प्लांट ऑपरेटर म्हणून. नोकरी कंत्राटी होती. तीन कंत्राटदार बदलले, ऑपरेटर मीच राहिलो. नाट्यगृहाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की उद्या तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला नोटीस जाईल आणि विषय तिथेच मिटेल. माझं म्हणणं एका इमारतीबद्दल नाही.

एका रविवारपासून सुरुवात करतो. दुपारी साडेचारचा प्रयोग होता आणि हाउसफुल्लचा बोर्ड लागला होता. दुसऱ्या घंटेनंतर मी एएचयूच्या खोलीत चक्कर मारून आलो. एएचयू म्हणजे हॉलमध्ये थंड हवा ढकलणारी मोठी पेटी. आत फिल्टर, थंड पाण्याची कॉइल आणि ब्लोअर असतो. मोटारीवरून ब्लोअरला फिरवायला दोन पट्टे असतात, शेजारी शेजारी. हे दोन पट्टे नेहमी जोडीनं बदलायचे असतात, कारण जुना ताणून सैल झालेला असतो. त्याच्याशेजारी नवा घातला तर सगळा भार एकटा नवाच ओढतो. मी दोन पट्ट्यांची मागणी दिली होती. तुटला एकच होता म्हणून मंजूरही एकच झाला, तोही पाच आठवड्यांनी. मी वहीत तसं लिहून तो बसवला. एकोणीस दिवस चालला. त्या रविवारी पहिल्या अंकात विसाव्या मिनिटाला तुटला, तुटताना जुन्यात गुंडाळला गेला आणि त्यालाही घेऊन खाली आला.

ब्लोअर थांबला. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, सुरू होता, पाणी थंड होतं, पण हॉलमध्ये हवाच जात नव्हती. रविवारी बाजार बंद. एका ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून पट्टे आणायला माझा हेल्पर स्कूटरवरून गेला, त्यात सव्वा तास गेला. मी पॅसेजच्या दारातून आत पाहत होतो. रंगमंचावर जरीचा अंगरखा घातलेला नट बोलत होता आणि त्याच्या कपाळावरून घामाबरोबर रंग खाली उतरत होता. मधल्या रांगेत एक आजी होत्या. मुलगा तिकीट दुमडून त्यांना वारा घालत होता. थोड्या वेळानं दोघांनी त्यांना धरून बाहेर आणलं आणि पायऱ्यांवर बसवलं. पाणी पाजल्यावर त्या सावरल्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘‘अहो, मी दोन महिन्यांनी आलेय नाटकाला.’’ त्यांना काय उत्तर द्यावं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ‘नाट्यगृहाचा एसी पुन्हा बंद’ अशी बातमी आली. महिन्याभरात प्लांट जुना झाल्याचं ठरलं आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव तयार झाला. पट्टा काही शे रुपयांचा होता. प्रस्ताव कोटींचा.

महोदय, प्लांट काही कारणानं जुना होतोच, नवा लागतोच. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक प्लांट वयानं गेले नाहीत, दुर्लक्षानं गेले. आणि ते गुपचूप गेले नाहीत. यंत्र महिनोन्‌महिने सांगत असतं. फक्त ते ऐकणाऱ्याच्या हातात खर्चाचा अधिकार नसतो, आणि ज्याच्या हातात अधिकार असतो त्याच्यापर्यंत वही पोचत नाही.

वही म्हणजे प्लांटचं लॉगबुक. दर तासाला ऑपरेटरनं त्यात आकडे लिहायचे : चिलरमधून पाणी किती अंशांवर निघालं, किती अंशांवर परत आलं, गॅसचं प्रेशर, मोटारीचे अँपिअर. चांगल्या चालणाऱ्या प्लांटमध्ये पाणी साधारण ७ अंशांवर निघतं आणि १२ ला परत येतं. एका वर्षीच्या माझ्या नोंदी पाहा. जानेवारीत आमच्या जुन्या, आर-२२ गॅसवर चालणाऱ्या चिलरचं डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) दर चौरस इंचाला २०५ पौंड होतं. मार्चमध्ये २२५. मेच्या पहिल्या आठवड्यात २५५. प्रेशरवरून कंडेन्सरचं, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचं, तापमान काढता येतं, ते ४० अंशांवरून ४८ वर गेलं होतं. हे तापमान एक अंशानं वाढलं की कॉम्प्रेसरला दोन ते तीन टक्के जास्त वीज लागते. म्हणजे तेवढाच गारवा देण्यासाठी आम्ही १६ ते २४ टक्के वीज जास्त जाळत होतो, आणि ती पालिकेच्या बिलात दर महिन्याला भरली जात होती. बिल वाढलं की उन्हाळा आहे असं म्हणून ते पास होत होतं.

कारण साधं होतं. नळाचं पाणी कमी पडलं की कूलिंग टॉवरला, म्हणजे कंडेन्सरचं गरम पाणी गार करणाऱ्या गच्चीवरच्या टॉवरला, बोअरचं पाणी सोडत. ते जड. टॉवरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, ते कंडेन्सरच्या नळ्यांमध्ये आतून थरासारखे बसतात. घरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसाच. नळ्यांना ब्रश मारणं, डीस्केलिंग करणं म्हणजे क्षारांचा थर काढणं, टॉवरचे नोझल काढून साफ करणं हे तीन दिवसांचं काम. मी फेब्रुवारीतच लिहून दिलं होतं. परवानगी आली जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर. तोवर मे महिन्यातल्या सुट्टीच्या प्रयोगांना प्लांट हाय प्रेशरवर सारखा ट्रिप होत, म्हणजे आपोआप बंद पडत राहिला. तीन तासांच्या नाटकात मी सात-आठ वेळा रिसेटचं बटण दाबलेलं आहे. असं वारंवार रिसेट करणं कॉम्प्रेसरला मारतं हे मला माहीत होतं. हॉलमध्ये नऊशे माणसं बसली होती, म्हणून दाबत राहिलो.

नऊशे माणसं म्हणजे काय, तेही सांगतो. नुसता बसून नाटक पाहणारा माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ९०० प्रेक्षक धरले तर ९० किलोवॅट झाले. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. हा हिशेब बर्फावरून आला आहे : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी एक टनाची ताकद. म्हणजे केवळ माणसांसाठीच जवळजवळ २६ टन लागतात. रंगमंचावरचे दिवे, बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा आणि तापलेलं छप्पर हे वेगळं. प्रेक्षक आत आले की दहा-पंधरा मिनिटांत हा सगळा भार एकदम अंगावर येतो. कापडाचं दुकान किंवा ऑफिस सकाळपासून हळूहळू भरतं, नाट्यगृह तिसऱ्या घंटेला भरतं. म्हणून हॉल आधी दीड-दोन तास गार करून ठेवावा लागतो, खुर्च्या आणि भिंतीसुद्धा. वीज वाचवायची म्हणून ‘पहिल्या घंटेलाच एसी लावा’ असा तोंडी आदेश अनेक ठिकाणी असतो. त्यानं वीज वाचत नाही. प्लांट पूर्ण ताकदीनं धापा टाकत राहतो आणि पहिला अंक संपेपर्यंत हॉलला गाठू शकत नाही.

आता फिल्टर. वाचणाऱ्याला वाटेल, फिल्टर धुणं यात काय सांगायचं? पण नाट्यगृहातला फिल्टर बँकेतल्या फिल्टरसारखा मळत नाही. आमच्याकडे मखमली पडदे, गालिचे, खुर्च्यांचं कापड यांचे तंतू सतत उडत असतात. त्यात आता जवळजवळ प्रत्येक नाटकात धुराचं मशीन असतं. तो धूर म्हणजे ग्लायकोलचं बारीक धुकं. ते फिल्टरमधून पुढे जातं, कॉइलच्या पानांवर चिकट थर धरतं आणि त्यावर तंतू बसतात. वर्षभरात कॉइलवर करड्या रंगाचं घोंगडं तयार होतं. मी ते बोटानं सोलून काढलेलं आहे, अखंड, वीतभर लांब. अशा कॉइलमधून हवा जात नाही, आणि थंड पाणी आतून फिरून तसंच परत जातं. वहीत हे लगेच दिसतं : पाणी ७ ला निघतं आणि १२ ऐवजी ९ लाच परत येतं. म्हणजे हॉल तापलेला आहे आणि चिलरला मात्र काम नाही. असं दिसलं की प्लांट कमी पडतोय असा अहवाल जातो, आणि जास्त टनांचा नवा प्लांट सुचवला जातो.

कॉइल धुवायचीही रीत असते. कमी दाबाचं पाणी, कॉइलसाठीचा सौम्य साबण, पानांच्या दिशेनं सरळ फवारा. कंत्राटदाराची मुलं येतात ती घाईत असतात, ॲसिड मारून जातात. कॉइल चकचकीत दिसते, फोटो छान येतो. पण ॲल्युमिनियमची पानं त्या ॲसिडनं खाल्ली जातात आणि दोन-तीन वर्षांत हातात भुगा येतो. मी त्या मुलांना दोष देणार नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आणि एका दिवसात चार ठिकाणच्या सर्व्हिस उरकायच्या असतात.

हे असं का होतं ते वार्षिक देखभालीच्या कराराच्या कागदात आहे. निविदेत लिहिलेलं असतं ‘वर्षातून चार सर्व्हिस’. सर्व्हिसमध्ये काय काय करायचं, ते मोजायचं कसं, हे लिहिलेलं नसतं. सर्वात कमी दर देणाऱ्याला काम मिळतं, आणि तो दर कधी कधी इतका कमी असतो की त्यात दोन माणसांचा महिन्याचा पगारसुद्धा बसत नाही. मग कंत्राटदार काय करणार? सर्व्हिस रिपोर्टच्या पुस्तकावर खाली तिकीटखिडकीपाशीच सही घेतली जाते. गच्चीवरच्या टॉवरपर्यंत कोणी चढत नाही. असे रिपोर्ट मी पाहिलेत ज्यात चारही सर्व्हिसचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखेच आहेत, जानेवारीतही आणि मेमध्येही. खऱ्या प्लांटमध्ये असं होऊच शकत नाही. एवढं जरी कोणी पाहिलं असतं तरी ते देयक थांबलं असतं.

रंगपटातल्या एसीबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो, कारण ती सगळ्यांनाच उपयोगी आहे. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरणे’ अशी नोंद बिलांत वर्षानुवर्षं दिसते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, दहा-पंधरा वर्षंही तसाच राहू शकतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. नायट्रोजनचं प्रेशर भरायचं, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधायचा, ब्रेझिंग करून (धातू वितळवून) तो सांधा बंद करायचा, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या कोरड्या करायच्या आणि मग वजन करून गॅस भरायचा. याला अर्धा दिवस लागतो. नुसता गॅस मारायला वीस मिनिटं. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला घातक आहे, मॉन्ट्रियल करारानुसार आपल्या देशात त्याचा वापर २०३० पर्यंत संपवायचा आहे. तो दिवसेंदिवस दुर्मीळ आणि महाग होणार. तरी आपण तो दर एप्रिलमध्ये पैसे देऊन हवेत सोडतो आहोत. म्हणून एकाच यंत्राचं दुसऱ्यांदा गॅसचं बिल आलं की, गळती कुठे सापडली हे लिहून दिल्याशिवाय ते पास करू नका.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. कॉइलवर जमलेलं पाणी ट्रेमधून नळीनं बाहेर जायला हवं. नळी शेवाळानं तुंबली की पाणी डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या वाहिनीत, उतरतं, गालिचा ओला होतो, आणि आठवडाभर बंद राहिलेल्या हॉलचं दार उघडलं की कुबट वास येतो. संगीत नाटकाच्या दिवशी तबलजी येऊन मला विचारायचे, ‘‘आज हवा कशी ठेवणार?’’ त्यांना आधी सांगावं लागायचं, कारण दमट हवेत पुडी (तबल्याचं चामडं) उतरते. मी त्यांना खरं उत्तर देऊ शकायचो ते फक्त ड्रेन साफ असेल आणि फिल्टर धुतलेले असतील तेव्हा. आवाजाचंही तसंच आहे. बेअरिंगला वेळेवर ग्रीस मिळालं नाही की ते बारीक कण्हायला लागतं. दुकानात ते कोणाला ऐकूही येणार नाही. इथे मात्र नटीनं एक वाक्य बोलून सात-आठ सेकंद थांबायचं असतं, आणि त्या शांततेत तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. एका नाटकाच्या वेळी त्या एका प्रवेशापुरता ब्लोअर बंद करा अशी विनंती आली होती. मी तो बंद केला. ग्रीसचा डबा मागून तेव्हा दोन महिने झाले होते.

एक गोष्ट लिहिताना मला अजून जड जातं. माझ्या एका हेल्परचं बोट पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडलं. तो एएचयूमध्ये वाकून पट्टा तपासत होता. खाली पॅनेलपाशी दुसऱ्यानं, प्लांट सुरू करायची वेळ झाली म्हणून, बटण दाबलं. पुलीवरची जाळी कधीचीच काढून ठेवलेली होती. आयसोलेटर (वीज तोडायचा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, ही पद्धत कारखान्यांत सर्रास आहे. त्यासाठी लागतं एक कुलूप. त्या दिवसानंतर ते मी स्वतःच्या पैशानं आणलं. तेव्हा हेल्पर एकवीस वर्षांचा होता. उजव्या हाताची तर्जनी पेरापासून गेली. कंत्राटी असल्यामुळे त्याची नोंद पालिकेच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर झालं, ठाण्यात १९७८ साली गडकरी रंगायतन. गावोगावच्या पालिकांनी लोकांच्या पैशातून नाटकासाठी अशा वास्तू उभ्या केल्या, याचा मला माणूस म्हणून अभिमान आहे. मी तिथे पगारासाठी गेलो, पण अठरा वर्षांत विंगेतून एवढी नाटकं पाहिली की घरी बायकोला संवाद म्हणून दाखवायचो. म्हणूनच हे लिहितोय. नूतनीकरणाच्या उद्घाटनाला फीत कापली जाते तेव्हा पहिल्या दिवशी हॉल गारच असतो. चौथ्या वर्षी काय होतं ते पाहायला कोणी येत नाही.

मला आपल्याकडून नवा प्लांट नको आहे. प्रयोग असेल त्या प्रत्येक वेळी प्लांटरूममध्ये शिकलेला ऑपरेटर असू द्या, आयटीआयचा ट्रेड केलेला, सुरक्षारक्षकाला बटण दाखवून ठेवलेलं नको. पट्ट्यांची एक जोडी, कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, बेअरिंग, फिल्टरचा एक जादा संच आणि ग्रीस एवढं सामान कपाटात कायम असू द्या, आणि ते संपलं की व्यवस्थापकाला फाइल न फिरवता आणता येईल अशी थोडी रक्कम त्याच्या हाताशी ठेवा. दरवर्षी मार्चमध्ये तीन दिवस आणि जूनच्या आधी दोन दिवस नाट्यगृहाची तारीख कोणालाच देऊ नका, ते दिवस प्लांटचे. करारात ‘चार सर्व्हिस’ ऐवजी आकडे लिहा : सर्व्हिसनंतर पाण्याच्या तापमानात किती फरक मिळाला पाहिजे, प्रेशर किती असलं पाहिजे, अँपिअर किती. तो आकडा आला तरच देयक. हे मोजायला थर्मामीटर, प्रेशर गेज आणि अँपिअर मोजणारा क्लॅम्पमीटर पुरतात. नूतनीकरणाची निविदा काढाल तेव्हा पुढच्या दहा वर्षांची देखभाल त्यातच धरा, म्हणजे बसवणाराच जबाबदार राहील. आणि कंत्राटी मेकॅनिकच्या अपघाताची नोंद आपल्या रजिस्टरमध्ये होईल असं बघा.

सगळ्यात आधी वही. विद्युत विभागाच्या अभियंत्यानं आठवड्यातून एकदा प्लांटरूममध्ये येऊन, ऑपरेटरशेजारी बसून ती वाचावी. महिनाअखेरीला तीस सह्या एकदम नकोत. दहा मिनिटं पुरतात. २०५ चं २२५ झालेलं त्याला मार्चमध्येच दिसेल.

बहुतेक नाट्यगृहांत सोमवारी प्रयोग नसतो. एखाद्या सोमवारी आपण स्वतः प्लांटरूमची किल्ली मागवा आणि एएचयूचं दार उघडून फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. मग लॉगबुक मागा आणि मागच्या वर्षीच्या याच आठवड्याचं पान उघडा.

माझ्या नोंदींच्या सात वह्या घरी आहेत. पालिकेचं लॉगबुक वेगळं होतं, या मी माझ्यासाठी लिहिलेल्या. कोणत्या महिन्यात काय बिघडलं, किती दिवस आधी दिसलं होतं, मागणी कधी दिली, सामान कधी आलं, सगळं तारखेनिशी आहे. आपल्या अभियंत्यांना किंवा नव्या ऑपरेटरला त्यांचा उपयोग होणार असेल तर जवळच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे निरोप ठेवा. निरोप मेकॅनिक मंडळींतून माझ्यापर्यंत पोचतो. मी वह्या घेऊन येईन आणि समजावूनही सांगेन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर